आबा, मी आणि एस.टी.

१ जानेवारी १९९७, बुधवार

रविराजांना कंपनीतून डायरी मिळाली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण वहीत कोण ऐकतंय? घरी आल्याबरोबर त्यांनी ती माझ्यापुढं ठेवली. म्हणाले, "घे. मला कुठं लिवायला येळ हाय?"

मी हिच्यात प्रवास लिहिणार आहे. रविवारच्या पुरवणीत एका बाईंचा लेख आला होता, प्रवासाची वही कशी लिहावी म्हणून. तो कापून, पिठाची खळ करून पहिल्या पानावर चिकटवलाय. बाई हिमालयात जाऊन आल्या आहेत. त्या म्हणतात, नवशिक्यानं जवळच्या गावापासून सुरुवात करावी. हवा, रस्ता, खाल्लेलं, भेटलेली माणसं, सगळं टिपावं. रोज नाही लिहिलं तरी चालेल, पण खरं लिहावं.

माझा आतापर्यंतचा प्रवास असा. वरकुटे ते इंदापूर, बारावीपर्यंत, एस.टी.च्या पासावर. मग लग्न होऊन वरकुटे ते पिंपळी, टेम्पोत. त्याला दीड वर्ष झालं. मग जेजुरी, जोडीनं. तिथं गर्दीत मला पुढच्या बाईची पाठ आणि भंडारा एवढंच दिसलं. झाला प्रवास.

३ जानेवारी

अडचण अशी, की मला नेणार कोण. रविराजांची कंपनी बारामतीला, पाळी सारखी बदलते, सुट्टीच्या दिवशी झोप. एकटी जाते म्हटलं तर म्हणाले, "एकटी कुठं जातीस? आन् कशाला?" लिहायला, म्हटलं तर हसले. वाईट नाही हसले, पण हसले.

आत्या भाकरी थापत होत्या. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं नाव सारजा. तव्यावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "आबास्नी घिऊन जा. दीसभर वट्ट्यावर बसून असत्यात."

आबा म्हणजे सासरे, म्हस्कू. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचं ते पावसाळ्याच्या तोंडावर घरी, असं त्यांचं आयुष्य. माझ्या लग्नाआधी त्यांनी सगळी मेंढरं विकली. जिकडं तिकडं ऊस झाला, चरायला रान राहिलं नाही, असं घरात सांगतात. तेव्हापासून ते वट्ट्यावर. बोलणं कमी. आणि मानी. चहाची कपबशी समोर ठेवली तर शिवणार नाहीत, हातात द्यावी लागते. मला त्यांची जरा भीतीच वाटते.

तरी विचारलं. "चल की," एवढंच म्हणाले आणि लगेच पटका बांधायला घेतला. जायचं होतं रविवारी.

५ जानेवारी, रविवार. बारामती

पहिला प्रवास. हवा: थंडी. रस्ता: चांगला. खाल्लं: भेळ. माणसं: पुष्कळ. बारामती मोठं गाव आहे. पेठेत फार गर्दी होती. संध्याकाळी घरी आलो.

(वाचून बघितलं. ह्याला प्रवासवर्णन म्हणत असतील तर डेअरीत दुधाची वही लिहिणाराही लेखक.)

६ जानेवारी

दुपारी आबा म्हणाले, "काय लिवलंस त्ये वाच."

वाचलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ह्यात बारामती कुठं हाय? गर्दी समद्याच गावात असती."

मला राग आला. "तुम्ही होता की बरोबर. तुम्ही काय बघितलं ते सांगा, मी लिहिते."

"मला वाचता येतं व्हय? पाट्या कसल्या, दुकानात काय टांगलंय, मानसं काय नेसल्यात, त्ये तू सांगायचं. बारक्यातलं बारीक. गाडीत बसल्यापासनं सांगत ऱ्हा मला. घरी आली की त्येच लिही."

लेखातल्या बाईंचं म्हणणंही साधारण हेच आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाला हे कसं सुचलं असेल?

उठताना म्हणाले, "आन् भाईर जाताना ती पिवळी साडी नेसत जा. तीच." माझ्याकडं एकच पिवळी साडी आहे, झेंडूपेक्षा भडक. मला ती मुळीच आवडत नाही. सासऱ्यांना सुनेच्या साडीचं कौतुक, ह्याचं मला हसू आलं. आत्यांना सांगितलं. त्या काही हसल्या नाहीत. "नेस गं," म्हणाल्या.

१२ जानेवारी, रविवार. पुन्हा बारामती

आज सांगत गेले, म्हणून आज लिहिता येतंय.

मारवाड पेठेत एका बँडवाल्याचं दुकान आहे. पितळी शिंगं खुंट्यांना उलटी टांगलेली, आणि त्यांच्याखाली एक म्हातारा जरीचा कोट शिवत बसला होता. कोट लाल, दोरा निळा. आबांनी विचारलं, "निळा का?" मी म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "लाल संपलाय." पुढं एका न्हाव्यानं आरसा बाहेर उन्हात लावलाय, त्यात सगळा रस्ता उलटा चाललेला दिसतो. एक बाई स्टीलचा हंडा घेत होती. तिनं तो कानाशी धरून बोटानं वाजवला, परत ठेवला, दुसरा वाजवला. दुकानदाराचा चेहरा रडकुंडीला आलेला.

"रडकुंडी म्हंजे कसा?" आबा म्हणाले.

"म्हणजे मिशा खाली आल्यासारख्या."

आबा हसले. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात नाहीत.

गाडीत शेजारचा माणूस आमच्याकडं टक लावून बघत होता. सून मोठमोठ्यानं "आता डावीकडं उसाचा ट्रॅक्टर, वर दोन पोरं बसलीत" असं म्हणतेय आणि सासरा डोळे मिटून "मंग?" म्हणतोय. मला लाज वाटली. पण घरी येऊन अडीच पानं झाली.

१९ जानेवारी, रविवार. भिगवण

आजचं लिहायला मला बाईंसारखी भाषा पाहिजे होती.

उजनीचं पाणी भिगवणच्या मागं पसरलंय. कुंभारगावाकडं जाणाऱ्या एका टेम्पोनं सोडलं. पाण्याजवळ गेलो तर लांबवर गुलाबी पट्टा. मला वाटलं, कुणी साड्या वाळत घातल्यात. मग पट्टा हलला. पक्षी! शेकडो. ज्वारीच्या धाटासारखे लांब पाय, मान अशी की गाठ मारता येईल, आणि चोच मधेच मोडून परत बसवल्यासारखी. मी आबांना सगळं सांगितलं.

"गुलाबी?" आबा म्हणाले. "पक्षी कंदी गुलाबी असतो व्हय? माझी चेष्टा करतीस."

"अहो, समोर बघा की!"

ते बघत होते, पण भलतीकडं, जाळी वाळत घातलेल्या बाजूला. शेवटी त्यांनी एका कोळ्याला विचारलं आणि तो व्हय म्हणाला तेव्हा पटलं. तेवढ्यात कशानं तरी ते सगळे एकदम उडाले. पंखांखाली लाल आणि काळं. आवाज असा, की शंभर बायका एकदम लुगडी झटकतायत. आबा तोंड वर करून उभे राहिले. पक्षी दिसेनासे झाले तरी तसेच.

मला वाईट वाटलं. एवढं दृश्य समोर आणि ह्यांचं लक्ष जाळ्यांकडं. मेंढरं सोडून त्यांना दुसऱ्या कशाचं कौतुक नाही. आवाज मात्र त्यांना आवडला असावा, कारण गाडीत दोनदा म्हणाले, "लई हुते."

२ फेब्रुवारी

गेल्या रविवारी गेलो नाही, आजही नाही. शेजारच्या काकींनी विहिरीवर आत्यांना विचारलं, "सासऱ्यासंगं कुठं हिंडती गं तुजी सून?" आत्यांनी ऐकून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, "तिला ठावं, त्यास्नी ठावं. तू तुजा पोहरा सोड."

पण माझं मन खट्टू झालं. मी हे कशासाठी करतेय? कोण वाचणार आहे? आबांना माझ्यामुळं बोल लागत असेल तर वही बंद केलेली बरी. तसं त्यांना म्हटलं.

ते म्हणाले, "बंद कर. पर त्याआदी इंदापूरला जाऊ. तुज्या माहेरी बी जाऊ."

१० फेब्रुवारी

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, आणि खरं लिहिते.

पिंपळी फाट्यावर इंदापूर गाडी मिळाली. सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी, सगळं सांगत गेले. आबा खुशीत होते. इंदापूर स्टँडवर त्यांना बाकावर बसवलं आणि वरकुट्याची गाडी कधी आहे ते विचारायला खिडकीवर गेले. पुढं चारपाच माणसं होती. परत आले तर बाक रिकामा. काठीही नाही.

आधी वाटलं, आडोशाला गेले असतील. थांबले. मग सगळं स्टँड फिरले. फळवाल्यांना विचारलं, रसवंतीवाल्याला विचारलं. एक पोरगा म्हणाला, पटकेवाला म्हातारा एका बाईच्या मागोमाग गाडीत चढला. कुठल्या गाडीत? ते त्याला सांगता येईना. कंट्रोलर साहेबांनी भोंग्यावर पुकारलं: "म्हस्कू, पिंपळी, कुठं असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या." आपल्या सासऱ्याचं नाव असं भोंग्यातून ऐकलं आणि मी खाली बसले. घरी काय सांगू? माझ्या वहीच्या नादापायी म्हातारा माणूस हरवला. माझ्या मनात सगळं वाईट येऊन गेलं, महामार्ग, ट्रक, पाणी.

किती वेळ गेला कोण जाणे. एक जीप स्टँडपाशी थांबली आणि तिच्यातून एक बाई उतरली. माझ्यासारखीच, झेंडूसारख्या भडक पिवळ्या साडीत. तिच्या मागं आबा.

"तू दिपाली का?" ती म्हणाली. तिचं नाव ठमाबाई. लोणीला लेकीकडं निघाली होती. "बाई, ह्यो बाबा माज्या मागं गाडीत चढला आन् शेजारी बसला. गाडी सुटली तवा म्हनतोय, 'दिपाली, भाईर काय हाय त्ये सांग.' मी म्हनलं, येडा हाय का काय. पर म्हाताऱ्या मानसाला न्हाय कसं म्हनायचं? मग मी आपली सांगत बसले. ऊस हाय, पाट हाय, म्हशी हायत्या. तर म्हनतोय, 'आवाज का बदलला तुजा?' तवा मी त्याच्या डोळ्याकडं बगितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला काहीच कळेना.

"अगं, दिसत न्हाय त्यास्नी," ठमाबाई हळू म्हणाली. "तुला ठावं न्हाय?"

तिनं तिकीट सोडून दिलं होतं, पुढच्या फाट्यावर उतरून जीप थांबवली होती. मी तिला नुसतं धरून उभी राहिले. नाव विचारलं, गाव विचारायचं राहिलं.

मग आम्ही दोघं त्याच बाकावर बसलो. आबांनी काठी गुडघ्यांत धरली होती. मी म्हटलं, "आबा, कधीपासून?"

"मेंढरं इकली तवापासनं. एक दिवस माजंच कोकरू माज्या पायाखाली आलं." काठीवरून हात फिरवत म्हणाले, "धुकं असतंय. पिवळं तेवढं दिसतंय, ठळक. बाकी समदं ताकात कालवल्यावानी."

"सांगितलं का नाही कुणाला?"

"माजा बाप असाच झाला. कळलं तवा आमी त्येला बाजंवर बसवला. सकाळी उन्हात ठिवायचा, दुपारी सावलीत ठिवायचा. चांगलं केलं समद्यांनी, लई जपलं. पर त्यो उंबऱ्याभाईर गेला न्हाय परत." मग माझ्याकडं तोंड करून, माझ्या जरा डावीकडं बघत, म्हणाले, "रव्याला सांगू नगस पोरी. हात जोडतो. तुज्यासंगं जरा हिंडायला मिळतंय."

मी हो म्हटलं. वरकुट्याला गेलो नाही. परतीच्या गाडीत मी सांगायला लागले, डावीकडं काय, उजवीकडं काय. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे आज."

१३ फेब्रुवारी

मागची पानं परत वाचली. सगळं होतं की हो लिहिलेलं. कपबशी हातात द्यावी लागते म्हणून मी त्यांना मानी ठरवलं. साडीचं हसू केलं. भिगवणला तर त्यांनाच नावं ठेवली. लेखातल्या बाई म्हणतात, नीट बघायला शिका. मी काय शिकले?

आणि आता काय करू? शब्द दिलाय. पण मोतीबिंदू असेल तर हल्ली ऑपरेशन होतं, बारामतीतही होतं. न सांगणं म्हणजे त्यांचं ऐकणं की त्यांचं नुकसान?

१७ फेब्रुवारी

राहवलं नाही. रविराजांना सांगायचं नाही असा शब्द आहे, आत्यांचं नाव त्यात नव्हतं. गोठ्यात शेण काढताना त्यांना सांगितलं.

आत्यांनी पाटी खाली ठेवली. म्हणाल्या, "ठावं हाय मला."

"कधीपासून?"

"मेंढरं इकली तवापासनं. चप्पल कंची उजवी कंची डावी, पायानं चाचपून बघाया लागले. मी सरळ करून ठिवाया लागले. त्यास्नी वाटतंय मला ठावं न्हाय."

मी चिडले. चिडून सासूशी बोलायची ही पहिलीच वेळ. "मग मला सांगायचं होतं! माणूस हरवला होता तिथं!"

"सांगितलं असतं तर तू हात धरून नेलं असतंस. हात धरल्याला त्यास्नी चालत न्हाय. गेलेच नसते मग." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "भिगवणवरनं आले त्या दिवशी मला म्हनाले, सारजे, गुलाबी पक्षी हुते. दोन वर्सांत असं काय सांगितलं नव्हतं मला."

मग म्हणाल्या, "ह्या ऐतवारी कऱ्हाटीला जा. माज्या थोरल्या भनीकडं. भामाबाईकडं. मी सांगितलं म्हून सांगू नगस."

२३ फेब्रुवारी, रविवार. कऱ्हाटी

हवा: दुपारी ऊन लागायला लागलंय. कऱ्हा नदी कोरडी, पात्रात पोरांचं क्रिकेट. खाल्लं: भामाबाईंच्या हातची बाजरीची भाकरी, वांगं, आणि ताक, ते मला तीनदा वाढलं.

भामाबाई आत्यांहून मोठ्या, तोंडाच्या फटकळ. अंगणात मुगाची डाळ निवडत होत्या. आम्ही वाटेवर असतानाच ओरडल्या, "म्हस्कूराव, पटका लई दिसांनी धुतला वाटतं!" आबा थांबले. दोन वर्षांपूर्वी हीच भामाबाई भिंतीला धरून चालत होती, हे त्यांना माहीत होतं.

जेवताना भामाबाई म्हणाल्या, "डोळा केला मी. बारामतीला. तंबाकू मळून खाईस्तवर झालं बी."

"दुकतंय?" आबांनी विचारलं. इतक्या सहज, की जसं हवापाणी विचारावं.

"मुंगी चावल्यावानी. आन् दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तर पयलं काय दिसलं सांगू? माजी नखं. मेली इतकी घान हुती! कुनी मला सांगितलं बी न्हाय."

आबांनी भाकरी खाली ठेवली. भामाबाई मात्र थांबेनात. "त्यो बगा, नदीतनं सदा येतोय. हातात पिशवी हाय. आता ह्यो साखर मागनार." आणि खरंच थोड्या वेळानं शेजारचा सदा आला, साखर मागायला.

येताना गाडीत त्यांनी मला काही विचारलं नाही. पिंपळी फाट्याला उतरलो. काठी टेकत चार पावलं गेले आणि थांबले.

"भामानं कंच्या डाक्टरचं नाव घेतलं गं?"

२५ फेब्रुवारी

आबांनी रविराजांना स्वतःच सांगितलं. मी चूल फुंकत होते, आत्या दारात उभ्या.

रविराज आधी चिडले. "आन् मला आत्ता सांगताय?" मग उठून गोठ्याकडं गेले. बराच वेळ आले नाहीत. आत्या म्हणाल्या, जाऊ दे त्याला. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "रजा टाकतो." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आन् तू ह्यास्नी घिऊन इंदापूरपत्तूर गेलीस?"

मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "बरं झालं गेलीस."

१० मार्च, सोमवार. बारामती

आज ऑपरेशन. उजवा डोळा. आबा आत जाताना पटका काढायला तयार नव्हते. नर्स म्हणाली, काढावाच लागेल. त्यांनी तो रविराजांच्या हातात दिला. रविराज तो मांडीवर घेऊन बसून राहिले, लहान बाळाला घेतात तसा.

दवाखान्याची वेटिंगची खोली हाही प्रवासच. पण आज टिपायला सुचत नाही.

११ मार्च

हे पान मला नीट लिहायचं आहे.

मी डबा घेऊन सकाळच्या गाडीनं गेले. एकटी गेले, कुणी काही म्हटलं नाही. पोचले तेव्हा डॉक्टरबाई पट्टी काढतच होत्या. मी दारातच उभी राहिले.

आबांनी डोळा उघडला, मिटला, परत उघडला. पाणी येत होतं. डॉक्टरबाईंनी दोन बोटं धरली. "दोन," आबा म्हणाले. मग खिडकीकडं बघितलं, पडद्याकडं, मग आत्यांकडं. बघतच राहिले.

"सारजे," म्हणाले, "केस कवा पिकलं तुजं?"

"तुमी बघत नव्हता तवा," आत्या म्हणाल्या.

मग रविराजांना म्हणाले, "वाळलास लेका." मग त्यांची नजर दारात माझ्यावर आली. नीट, सरळ माझ्यावर, जराही डावीकडं नाही. ते आत्यांकडं वाकले आणि हळू आवाजात विचारलं, "ही कोन? नर्स हाय का?"

मला तेव्हा उमगलं, की ह्या माणसानं मला कधी पाहिलेलंच नाही. बघायच्या कार्यक्रमाला ते समोर बसले होते, मला विचारलंही होतं, "मेंढराचं भ्या वाटतंय का?" पण पाहिलं नव्हतं. दीड वर्ष मी त्यांना जेवायला वाढलं, चार रविवार त्यांच्याशेजारी बसून जगाचं वर्णन केलं, आणि माझं स्वतःचं कधी केलं नाही.

आत्या म्हणाल्या, "बोल की गं."

"आबा," मी म्हटलं, "डबा आणलाय. मेथी आहे."

त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही. बाईंनाही येणार नाही.

"दिपाली व्हय!" ते म्हणाले. "अगं, मला वाटलं हुतं तू लई उंच असशील."

सगळे हसले. डॉक्टरबाईही हसल्या. आबांना हसायची मनाई होती, ते तोंड दाबून हसले. मला रडू आलं आणि डब्यातला रस्सा थोडा सांडला.

२७ एप्रिल, रविवार. नीरा नरसिंगपूर

आज तिघं आलो. आत्या लग्नानंतर देवाला म्हणून दोनदा बाहेर पडल्या होत्या, हे तिसरं. खिडकी त्यांना दिली. आबांना काळा चष्मा आहे, त्यात ते एखाद्या पुढाऱ्यासारखे दिसतात. कंडक्टरनं त्यांना "या साहेब" म्हटलं, त्यावर ते इंदापूरपर्यंत खूश होते. तिथं गाडी बदलली, बावड्यावरून इथं.

दोन नद्या इथं मिळतात, भीमा आणि नीरा. पाणी कमी आहे, पण आहे. देऊळ काळ्या दगडाचं, घाटाच्या पायऱ्या उंच. मी हात पुढं केला नाही. आबा काठी खांद्यावर टाकून पायऱ्या उतरले, एकेक, अगदी पाण्यापर्यंत. पलीकडच्या काठावर कुणाचीतरी मेंढरं पाण्याला आली होती. त्यांनी ती किती वेळ पाहिली. मला वाटलं, त्यांना वाईट वाटत असेल. विचारलं, तर म्हणाले, "त्यातली एक लंगडती. मालकाला दिसली न्हाय अजून." आणि हातांचा भोंगा करून पलीकडं ओरडले. पलीकडच्या माणसानं हात वर केला.

चार वाजता कंडक्टर घाटावर येऊन म्हणाला, परतीची शेवटची गाडी सुटतेय. मी पिशवी उचलली. आबा हलेनात.

"जाऊ दे तिला," म्हणाले. "अजून बगून झालं न्हाय."

मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं, त्या रागावतील. घरी म्हैस आहे, रविराज आहेत, धार कोण काढणार. आत्यांनी पाण्यात पाय सोडले होते. "काडल की त्यो," म्हणाल्या. "मी बी न्हाय येत."

मग मी कंडक्टरला निरोप दिला. इंदापुरात बारामतीच्या गाडीवर सांगा, पिंपळी फाट्याला टपरीवर कळवा: तिघंही खुशाल आहेत, उद्या येतो. तो हसून गेला. गाडी धूळ उडवत वळली आणि गेली. आमच्याशिवाय गेलेली गाडी मी पहिल्यांदा इतक्या आनंदानं बघितली.

पुजाऱ्यांनी ओवरीत जागा दाखवली. झाडून घेतली, सतरंजी मागून आणली. भाकरी आहेत, चटणी आहे, शेजारच्या एका बाईनं कांदा दिला. तिनं फक्त विचारलं, "कुठनं आला?" बाकी काही नाही. कुणाची लेक, कुणाची सून, इथं कुणाला ठाऊक नाही.

अजून उजेड आहे, म्हणून लिहितेय. आज पहिल्यांदा मी अशा गावात झोपणार आहे, जे माझं माहेर नाही की सासर नाही. खाली शेवटच्या पायरीवर आबा आणि आत्या बसलेत. काय बोलतात ते ऐकू येत नाही. त्यांना जेवायला हाक मारायची आहे. जरा वेळानं मारीन.